काळ्या मुसळीवरचे सहा थेंब

पाऊस पडून गेल्यावर पोटावर झोपणारी बाई अख्ख्या जबलपुरात एकच आहे, आणि त्या माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत. हे मी मान वर करून सांगते. बायका आपल्या जावांबद्दल काय काय सांगतात ते मी तीस वर्षं ऐकत आले आहे. कुणाची जाऊ लोणच्यात पटाईत, कुणाची भजनात, कुणाची भांडणात. माझी जाऊ कोपराला चिखल लावून, केसांत गवताच्या काड्या घेऊन घरी येते आणि दारातूनच ओरडते, "छोटी, गोखरू फुलला! पाच पाकळ्या, पाचही शाबूत!" अशी जाऊ कुणाकडे असेल तर मला आणून दाखवा.

मे संपता संपता आमच्याकडे वळवाच्या दोन-तीन सरी येऊन जातात. त्या आल्या की गल्लीत कुणी भज्यांचं पीठ कालवतं, कुणी कूलर बंद करून खिडक्या उघडतं, आणि वीज गेली म्हणून सगळे मिळून ओरडतात. ताई, म्हणजे याच माझ्या जाऊबाई, त्या वेळी गच्चीवर उभ्या राहून घड्याळ बघत असतात. पाऊस किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, हे त्यांना वहीत लिहायचं असतं. मग एक-दोन दिवस जाऊ देतात आणि एके सकाळी साडेपाचला माझ्या दारात हजर. अंगात साडीवर चढवलेला भाऊजींचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत बूट, गळ्यात कॅमेरा आणि काखेत निळ्या प्लास्टिकची गुंडाळी. "चलो छोटी, फुलून राहिलं असन." काय फुलून राहिलं असेल ते सांगत नाहीत. मी छप्पन वर्षांची आहे, शाळेत मुलांना भूगोल शिकवते, दहावीची दांडगट पोरंसुद्धा मला वचकून असतात. पण ताईंच्या लेखी मी छोटी ती छोटीच. मला स्कूटी चालवता येते, उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते आणि मी नात्याने धाकटी आहे, एवढ्या तीन अपराधांसाठी दर वर्षी मला ही शिक्षा होते, आणि खरं सांगायचं तर एप्रिलपासूनच मी तिची वाट बघत असते.

ताईंनी रांझीकडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली. काम तपासणीचं. समोर यंत्रांचे पुर्जे येत, ताई ते मापात घालून बघत, आणि बसला तर पास, नाही बसला तर नापास. मधलं काही नाही. "थोडंसं चुकलं" हा शब्दप्रयोग त्यांना समजतच नाही. "थोडंसं म्हणजे काय? चुकलं न?" प्रत्येक पास पुर्ज्यावर त्यांचा शिक्का बसे, पण शिक्क्यावर नाव नसे, नुसता आकडा. निवृत्त होताना तो शिक्का परत द्यावा लागला. त्याचं त्यांना इतकं सुनंसुनं वाटलं की आठवड्याभरात बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन त्यांनी दोन रबरी शिक्के बनवून आणले. एकावर 'पास', दुसऱ्यावर 'नापास'. दुकानदाराने विचारलं, "दीदी, स्कूल खोला है क्या?" त्यावर ताई म्हणाल्या, "नहीं भैया, आदत है."

ही सवय घरात सगळ्यांनी भोगली आहे. माझं लग्न होऊन आठ दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. मी नव्या सुनेच्या उत्साहाने पोळ्या केल्या. ताईंनी एक उचलली, खिडकीकडे धरली, उजेडात फिरवली आणि म्हणाल्या, "गोल आहे. जाडी एकसारखी नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मागाहून सासूबाईंनी समजूत घातली की अगं, ती पोळी तिने संपवली न, मग पास झालीस. पुढे मला कळलं की ताईंच्या शब्दकोशात 'छान' हा शब्दच नाही. तिथे सर्वांत मोठी पदवी म्हणजे 'चालन', म्हणजे चालेल. गेल्या तीस वर्षांत मला बोटांवर मोजण्याइतक्या वेळा 'चालन' मिळालं आहे, आणि ती प्रत्येक वेळ मला तारीखवार आठवते.

कॅमेरा हा भाऊजींचा स्वतःच्या पायावर मारून घेतलेला धोंडा. बायको निवृत्त होतेय, आता दोघं मिळून भेडाघाटला जाऊ, नावेत बसू, एकमेकांचे फोटो काढू, अशा गोड विचाराने त्यांनी तो तिला भेट दिला. आज त्या कॅमेऱ्यात भुईरिंगणीचे दीडेकशे फोटो आहेत, माक्याचे साठ-सत्तर आहेत, आणि भाऊजींचा एक. त्यातही ते धूसर आहेत, कारण त्यांच्या कानामागे भिंतीच्या फटीत काहीतरी उगवलेलं होतं आणि कॅमेऱ्याने ताईंच्या मनातलं ओळखलं. भाऊजी पाहुण्यांना तो फोटो आवर्जून दाखवतात. "हे मी. आणि हा जो साफ दिसून राहिला न, तो पिंपळ."

पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. लॉनवर सगळं कुटुंब फोटोसाठी ओळीत उभं, नवरानवरी मधोमध, आणि समोरून ताई कॅमेरा घेऊन आल्या. "जरा सरका," त्या म्हणाल्या. सगळे सरकले. "अजून." अजून सरकले. वरपक्षाला वाटलं, चला, मुलीच्या काकूंना फोटोतलं चांगलं कळतं. ताईंनी "आणखी जरा" करत वऱ्हाड कनातीपर्यंत मागे नेलं, निळं प्लास्टिक अंथरलं आणि नवरीच्या पायाखालून मोकळी झालेली शंखपुष्पी टिपायला शालूनिशी पोटावर आडव्या झाल्या. व्याह्यांनी मला हळूच विचारलं, "तब्येत ठीक आहे न त्यांची?" मी म्हटलं, आहे, बोटभर उंचीचं निळं फूल दिसलं की अशीच असते.

डुमना रस्त्याला एकदा त्या अशाच पडल्या होत्या आणि मी स्कूटीपाशी उभी होते. एक मोटारसायकलवाला करकचून थांबला, धावत खाली उतरला. "माताजी को क्या हुआ? गिर गईं क्या?" मी तोंड उघडायच्या आत जमिनीवरून आवाज आला, "छाया मत करो भैया, छाया!" तो बिचारा दचकून चार पावलं मागे सरला, आणि पुढची दहा मिनिटं ऊन अडणार नाही अशा बेताने हात बांधून उभा राहिला. शेवटी ताईंनी त्याला पडद्यावर फूल दाखवलं. "अरे, ये तो हमारे खेत में होता है! कभी देखा नहीं," असं म्हणाला आणि ते पुन्हा बघायला स्वतः गुडघ्यावर बसला.

त्यांची काम करण्याची रीत ठरलेली आहे. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक पाठीमागून, कारण "तोंड तं सगळेच पाहतात." एका फोटोत शेजारी लाकडी फूटपट्टी ठेवायची. मग वहीत लिहायचं: जागा, वेळ, पाऊस कधी पडला होता, जमीन ओली की कोरडी, दव होतं की नव्हतं. नाव मात्र लगेच लिहायचं नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच नाव आलं तरच ते पास. त्यापायी त्या फोटो घेऊन शहपुऱ्याच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्या बायांसमोर उकिडव्या बसतात, पुस्तकं चाळतात, जुन्या वैद्यांची दारं ठोठावतात. आणि या सगळ्यावरचा एक नियम म्हणजे हात लावायचा नाही. फूल तोडायचं नाही, वळवायचं नाही, पुढ्यात आलेली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. "जसं आहे तसं तपासायचं. आपण नीट करून मग तपासलं तं ते तपासणं नोहे, शृंगार झाला." माझ्या सबंध नोकरीत मी इतकं सरळ वाक्य कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नाही.

हा नियम मी मोडला.

झालं असं की ताईंना कित्येक वर्षांपासून काळी मुसळी हवी होती. ही वनस्पती औषधी म्हणून तिचं मूळ बाजारात मिळतं, पण फूल कुणी पाहिलेलं नसतं, कारण ते जमिनीला चिकटून, गवतासारख्या पानांच्या बुडाशी येतं. सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी. वळीव झाला की उमलते आणि चटकन आटोपते. कधी आम्ही पोहोचायच्या आत गुरं चरून जात, कधी नुसती पानंच मिळत. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मदनमहालाच्या टेकडीवर मोठ्या खडकाच्या आडोशाला ती सापडली. ताईंनी तिथल्या तिथे प्लास्टिक अंथरलं. पाऊस होऊन दोन दिवस झाले होते, फूल धुळकटलेलं, जरासं मलूल होतं. त्यांनी दोनच फोटो घेतले आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. दुसरी स्कूटीच्या डिकीत होती. ती आणायला त्या खाली उतरल्या, आणि मी त्या फुलाबरोबर एकटी उरले.

मला वाईट वाटलं हो. इतक्या वर्षांनी भेटलं आणि असं कळकट! माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी बोटं भिजवली आणि फुलावर हलकेच झटकली. धूळ गेली, पाकळ्या तरारल्या, थेंब चमकायला लागले. तेवढ्यात ताई धापा टाकत आल्या, खडकामागून ऊन वर आलं, आणि ते निघून जायच्या आत त्यांनी घाईघाईने फोटो घेतला. असा फोटो त्यांच्या हातून आधी कधी निघाला नव्हता. त्यांनी पडद्यावर पाहिलं, परत पाहिलं, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "छान आहे." मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. त्यानंतर मी काय तोंड उघडणार?

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने कॅलेंडर काढायचं ठरवलं. दर वेळी त्यावर भेडाघाटचे संगमरवरी खडक असतात. सेक्रेटरी म्हणाले, यंदा काही वेगळं करू, आणि त्यांनी ताईंचा तो फोटो पहिल्या पानासाठी निवडला. खाली मराठीत फुलाचं नाव आणि छायाचित्रकार म्हणून ताईंचं पूर्ण नाव. जबलपुरातल्या प्रत्येक मराठी घराच्या भिंतीवर ते वर्षभर लटकणार होतं. ज्या घरांतली पोरं मराठी समजतात पण उत्तर हिंदीत देतात, त्या घरांतही 'काळी मुसळी' हे दोन शब्द रोज डोळ्यांसमोर राहणार होते. ताईंनी वरवर काही दाखवलं नाही. पण एकदा भाजी निवडताना मान खाली घालून म्हणाल्या, "चौतीस वर्षं आकडाच होती मी. आता नाव छापून येऊन राहिलं." मी निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकत गेले.

दिवाळीच्या आधी छपाईचा नमुना घरी आला. छापखान्याला होकार कळवायचा होता संध्याकाळपर्यंत. ताईंनी टेबलावर नमुना ठेवला, शेजारी वही उघडली, भिंग घेतलं. मी चहा करत होते. मग बाहेरून हाक आली, "छोटी, इकडे ये."

वहीतल्या त्या दिवसाच्या ओळीवर त्यांचं बोट होतं. पाऊस परवा संध्याकाळी. जमीन कोरडी. दव नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी भिंग फोटोवर धरलं. "फुलावर सहा थेंब आहेत. बाजूच्या पानावर एक नाही. गवतावर एक नाही. काहून? पाऊस काय पत्ता विचारून आला होता?"

मी सगळं सांगितलं. बोटं कशी भिजवली तेही सांगितलं. ओरडतील, बोलणं टाकतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी नुसतं विचारलं, "मले काहून नाही सांगितलं तेव्हाच?" मी म्हटलं, "ताई, तुम्ही छान म्हणालात." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग 'नापास'चा शिक्का उचलला आणि नमुन्यावर, बरोबर फुलाच्या मधोमध मारला. वहीतल्या त्या ओळीसमोर दुसरा मारला. तिसरा शिक्का त्यांनी स्वतःच्या नावापुढे मारला. "थेंब तेव्हाच दिसायले पाहिजे होते. त्या दिवशी तपासणारी झोपून होती."

सेक्रेटरी घरी धावत आले. निवृत्त अधिकारी, शांत माणूस, पण त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. "वहिनी, ऐसा है ना, पाणीच तर आहे! शाई नाही, रंग नाही. लोकांना काय समजून राहिलं? कोण पाहतं थेंब?"

"मी पाहिले न," ताई म्हणाल्या.

"अहो, तुमचं नाव येऊन राहिलं!"

"म्हणूनच म्हणते. आकडा असता तं गोष्ट वेगळी होती. तरी नाहीच दिला असता म्हणा."

बॅटरी संपण्याआधीचे दोन फोटो त्यांनी पुढे केले. धुळकटलेलं फूल, एका पाकळीला किड्याने खाल्लेलं भोक. सेक्रेटरींनी ते पाहिले, हात जोडले आणि गेले. त्या वर्षी कॅलेंडरवर भेडाघाटचे संगमरवरी खडक आले. ताईंनी ते आपल्या स्वयंपाकघरात लावलं, खडक नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, "पाण्याची रेघ वाकडी आहे." त्या दिवशी मी माझ्या स्टाफरूममध्ये ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, माझ्या लबाडीसकट सांगितली, आणि शेवटी म्हटलं की ती माझी सख्खी जाऊ आहे. स्वतःची लाज सांगताना इतका अभिमान वाटू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मला शिक्षा मिळालीच. त्यानंतर दर फेरीला निघण्याआधी स्कूटीपाशी माझ्या पिशवीची झडती होऊ लागली. बाटली भाऊजींकडे जमा. "तहान लागली तं घरी येऊन पी." मी पन्नाशी ओलांडलेली बाई दोन्ही हात वर करून भर रस्त्यात उभी राहायची आणि भाजीवाला हसायचा. हे एकदा चुकवून मी ओला रुमाल खिशात ठेवला होता, तोही पकडला गेला.

यंदा फेब्रुवारीपासून ताईंचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे म्हणतात. कडेचं दिसतं, मधलं पुसट होत जातं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे गवत दिसन, फूल नाही दिसन." डॉक्टर हसले. मला नाही हसता आलं. इंजेक्शनं चालू आहेत आणि खाली वाकायला मनाई आहे. मे उतरताना वळीव आला, त्यांनी गच्चीवर जाऊन वेळ पाहिली, भाऊजींनी ती वहीत लिहिली. दोन दिवसांनी साडेपाचला माझं दार वाजलं नाही. मग मीच त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि निळं प्लास्टिक हातात दिलं. मी सवयीने पिशवी उघडून पुढे धरली. त्यांनी आत हात घातला नाही. "जा, ऊन येईन," एवढंच म्हणाल्या.

मदनमहालाच्या त्याच खडकाशी मी आयुष्यात पहिल्यांदा पोटावर झोपले. कोपरं सोलवटली, मुंग्या चावल्या, बाटली मुद्दाम घरी ठेवलेली म्हणून घसा कोरडा पडला. आणि ती होती. सहा पाकळ्या, त्यातली एक मुडपलेली, आणि फुलासमोर आडवी आलेली एक वाळकी काडी. ती बोटाने सहज बाजूला झाली असती. मी हात पाठीमागे धरले आणि तिच्यासकट फोटो घेतला. समोरून, बाजूने, मागून, फूटपट्टीसह.

दुपारी फोटो छापून आणला आणि टेबलावर ठेवला. ताईंनी भिंग धरलं, मान तिरकी करून कडेने बघायचा प्रयत्न केला, फोटो वर-खाली फिरवला. मग भिंग खाली ठेवलं.

"पाऊस?"

"परवा, पाच वाजता."

"जमीन?"

"वरून कोरडी, खाली ओल."

"रंग कसा आहे?"

"पिवळा."

"पिवळा किती प्रकारचा असते, छोटी! हळदीचा का लिंबाचा?"

मी थांबले, नीट आठवलं. "मधे हळदीचा, टोकाला लिंबाचा. एक पाकळी मुडपलेली आहे, ताई. आणि एक काडी आडवी आली आहे. काढली नाही."

ज्या बाईने कधी पोळीसुद्धा उजेडात धरल्याशिवाय घेतली नाही, तिने हाताने चाचपून शिक्का उचलला. उचलताना अक्षरांवरून अंगठा फिरवून तो 'पास'चाच असल्याची खात्री केली आणि माझ्या शब्दावर फोटोवर मारला. तो तिरका बसला. 'पा' कागदावर आला आणि 'स' टेबलाच्या मेणकापडावर. "नीट पडला न?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चालन."

भाऊजी ओलं फडकं घेऊन मेणकापड पुसायला आले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. हात लावायचा नाही, असा नियम आहे.